मनगटावरच्या नोंदी दवाखान्याच्या कामी कशा आणाव्यात: विदर्भातल्या गावासाठी एक पद्धत

ठोके, पावले आणि झोप मोजणारा मनगटी पट्टा आता तालुक्याच्या मोबाईल दुकानातही मिळतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला येताना वडिलांसाठी तो घेऊन येतो आणि पुढचे काही महिने वडिलांच्या हातावर तो इमानेइतबारे मोजत राहतो. मात्र मोजलेल्यातले काहीही प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचत नाही. हे अंतर कसे भरून काढता येईल, याची एक पद्धत येथे मांडली आहे. वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी, गावात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते आणि त्यांना मदत करू इच्छिणारे संख्याशास्त्राचे किंवा संगणकाचे विद्यार्थी हे या लेखाचे वाचक आहेत, असे मी धरून चाललो आहे.

उदाहरण म्हणून उन्हाळ्यातल्या मजुरांचे घेतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्याच एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याची तोडणी असते, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात आणि खरिपाआधीची वखरणीही उरकायची असते. उष्माघात एका दुपारी अचानक झाल्यासारखा वाटतो. पण पुष्कळदा आधीच्या दोन-तीन दिवसांत शरीर रात्री नीट सावरत नसते आणि त्याची खूण नाडीत उमटू लागलेली असते. ही खूण पकडता आली, तर पट्ट्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

आधी प्रश्न, मग पट्टा

‘लोकांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचे आहे’ हा विश्लेषणाचा प्रश्न होऊ शकत नाही. प्रश्न असा असावा: पहाटे मजुरांची गाडी निघण्यापूर्वी, काल रात्री ज्यांचे शरीर पुरते सावरलेले नाही असे कोण आहेत आणि त्यांपैकी कोणत्या तिघाचौघांची आशाताईंनी जवळ जाऊन विचारपूस करावी? या प्रश्नात वेळ ठरलेली आहे, माणूस ठरलेला आहे आणि त्याने काय करायचे तेही ठरलेले आहे. ज्या आकड्यामुळे कोणाच्याही पुढच्या कृतीत फरक पडणार नाही, तो आकडा गोळाच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणारा आणि उपाय करणारा एकमेकांजवळ असले की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन आणि तापमान घेत, श्वास मोजत आणि धोका दिसला की ठरलेले उपचार तिथेच सुरू करत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. साधने अगदी साधी होती. पण मोजलेला प्रत्येक आकडा ज्या हाताने घेतला त्याच हाताला पुढे काय करायचे ते ठाऊक होते. मनगटी पट्ट्यांचा कोणताही कार्यक्रम आखताना ही रचना नजरेसमोर ठेवावी.

कोणत्या प्रश्नासाठी पट्टा वापरू नये, हेही याच वेळी ठरवावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून ‘पट्ट्यावरून विषबाधा ओळखता येईल का’ असे अनेक जण कळकळीने विचारतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांनी नाडी मंदावू शकते आणि काही रुग्णांत ती वाढतेही, त्यामुळे केवळ ठोक्यांवरून काही ठरवणे धोक्याचे आहे. तेथे हातमोजे, तोंडावरचे संरक्षण, वाऱ्याची दिशा आणि लक्षण दिसताच दवाखाना हेच उपाय होत.

पट्टा निवडताना

पट्ट्याच्या मागच्या बाजूला हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. त्वचेखालचे रक्त तो प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण वाढते-घटते, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी काढली जाते. शिवाय हालचाल मोजणारा एक सेन्सर असतो आणि काही पट्ट्यांत त्वचेचे तापमान मोजण्याची सोय असते. आपल्या प्रश्नाला एवढे पुरेसे आहे.

निवडीची खरी कसोटी अशी: मिनिटागणिक नोंदी फाईलच्या रूपात बाहेर काढता येतात की फक्त रंगीत आलेखच दिसतात, फोन जवळ नसताना नोंदी किती दिवस पट्ट्यातच टिकतात, आणि एकदा चार्ज केल्यावर पट्टा किती दिवस चालतो. भारनियमन असलेल्या गावात रोज चार्ज करावा लागणारा पट्टा आठवडाभरात खुंटीवर जातो. रक्तदाब किंवा रक्तातली साखर सुईशिवाय मोजण्याचा दावा असलेल्या पट्ट्याला मात्र भुलू नये. त्वचेला न टोचता साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. दंडाला फुगा बांधून मोजलेला रक्तदाब आणि बोटातून घेतलेल्या थेंबावरची साखर यांना उपकेंद्रात आजही पर्याय नाही.

संमती कोणाची आणि कशासाठी

हा भाग कागदावर सही घेऊन उरकण्याचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती, ती मागे घेण्याचा हक्क आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती या गोष्टी घालून दिल्या आहेत. कार्यक्रमातून काही प्रसिद्ध करण्याचा विचार असेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता सुरुवातीलाच घ्यावी. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया आणि इतर बऱ्याच भागांत गोंडी बोलणारी माणसे असतात. त्यांना हे सारे त्यांच्याच भाषेत, त्यांच्या ओळखीच्या माणसाने समजावून सांगावे आणि समजावल्यानंतर ‘आता तुम्ही मला सांगा, हा पट्टा काय करतो’ असे विचारून खात्री करून घ्यावी.

एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. आम्ही पट्टे वाटले त्याच आठवड्यात एका कंत्राटदाराचा निरोप आला, की कोण किती चालले आणि दुपारी कोण किती वेळ बसून होते याची यादी मिळेल का. आरोग्यासाठी बांधलेला पट्टा मजुरीतून कपात करण्याचे साधन होण्यासाठी एवढा एक निरोप पुरला असता. आम्ही नकार दिला आणि त्यानंतर संमतीपत्रात पहिलेच वाक्य असे घातले: ‘या नोंदी मालक, मुकादम, कंत्राटदार किंवा विमा कंपनी यांना कोणत्याही कारणाने दिल्या जाणार नाहीत.’ फाईलमध्ये नावाऐवजी क्रमांक असावा आणि नाव व क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या वहीत, आरोग्य केंद्राच्या कुलपात राहावी. लहान गावात ‘५२ वर्षांची, विधवा, वीटभट्टीवर जाणारी’ एवढ्या तपशिलावरूनही माणूस ओळखू येतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी समजावून द्यावे.

बांधताना आणि तपासताना

पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट पण वळ उठणार नाही असा बांधावा. पुस्तकात इथे संपते; गावात इथून सुरुवात होते. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या असतात, त्या पट्ट्यावर आपटत राहिल्या की हालचालीच्या नोंदी बिघडतात. अनेक वयस्क स्त्रियांच्या मनगटावर दाट गोंदण असते आणि गोंदणाची शाई हिरवा प्रकाश अडवते. मला आठवते, एका मावशींच्या पट्ट्यावर नाडी कधी शून्य, तर कधी १७० दिसत होती. मावशी ओट्यावर निवांत बसून तांदूळ निवडत होत्या. बोट ठेवून मिनिटभर ठोके मोजले तेव्हा ते ७४ भरले. पट्टा काढला, तर खाली तुळशीवृंदावनाचे हिरवे गोंदण होते आणि सेन्सर नेमका त्याच्या मधोमध बसत होता. पट्टा कोपराच्या खाली, गोंदण नसलेल्या जागी सरकवल्यावर आकडा ७५ वर स्थिरावला.

म्हणून प्रत्येक व्यक्तीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी तीन मोजण्या कराव्यात: बसलेले असताना, चालून आल्यावर लगेच आणि पाच मिनिटे विसावल्यावर. तिन्ही वेळा बोटाने पूर्ण ६० सेकंद नाडी मोजून पट्ट्याच्या आकड्याशेजारी लिहावी. बसलेल्या आणि विसावलेल्या मोजणीत पाचपेक्षा जास्त ठोक्यांचा फरक राहिला तर जागा बदलावी आणि तरीही जुळले नाही तर त्या व्यक्तीसाठी पट्टा वापरू नये. सावळ्या त्वचेत प्रकाशावर चालणारी साधने कमी अचूक ठरू शकतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमधला असा फरक २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांत ठळकपणे दाखवला गेला होता. कंपनीने छापलेली अचूकता आपल्या मजुरांना लागू पडतेच असे गृहीत न धरता स्वतःच्या वहीतल्या या मोजण्यांवर विसंबावे.

ज्यांना रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारखी नाडी मंदावणारी औषधे चालू आहेत, त्यांच्या नावापुढे तशी खूण करावी, कारण त्यांची नाडी उन्हाच्या ताणाने अपेक्षेइतकी वाढणार नाही आणि इशाऱ्यासाठी पुढे ठरवायचा आपला नियम त्यांना सुखरूप ठरवून मोकळा होईल. गरोदरपण, सिकलसेल आणि रक्तक्षय यांचीही नोंद याच वेळी करावी.

नोंदी स्वच्छ करणे

या कामाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. पहिली गोष्ट घड्याळाची. अनेक पट्ट्यांच्या फाईलमध्ये जागतिक प्रमाणवेळ असते, जी भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. ती न बदलता आलेख काढला, तर दुपारी दोनचा ताण सकाळी साडेआठला दिसतो आणि आपण भलत्याच वेळी माणसांना विश्रांती सांगत बसतो. फाईल उघडताच एखाद्या माणसाची उठण्याची वेळ त्याला विचारून नोंदीशी ताडून पाहावी. एवढ्याने ही चूक लगेच उघडी पडते.

दुसरी गोष्ट, पट्टा हातावर होता की नव्हता. त्वचेच्या तापमानाची नोंद खाली आली म्हणजे पट्टा काढून ठेवला, असा नियम थंड देशांतल्या सूचनांमध्ये आढळतो. आपल्याकडे मे महिन्यात तो उलटा पडतो: मनगटाची त्वचा साधारण ३३ ते ३६ अंशांच्या आसपास असते आणि ओट्यावर काढून ठेवलेला पट्टा ४५ अंश दाखवतो. म्हणून तापमानावर विसंबू नये. सलग ३० मिनिटे हालचालीच्या सेन्सरमध्ये जवळजवळ काहीच फरक नाही आणि नाडीचे आकडे एकतर गायब आहेत किंवा अर्थहीन उड्या मारत आहेत, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर पट्टा हातावर नाही असे समजावे. झोपलेला माणूसही अर्ध्या तासात थोडा हलतो आणि त्याची नाडी सलग दिसत राहते.

प्रकाशावर चालणारा सेन्सर निर्जीव पृष्ठभागावरूनही कधीकधी ‘नाडी’ काढून देतो, हे मला पुस्तकातून कळले नाही. एका घरी खुंटीला टांगलेला पट्टा मातीच्या भिंतीला टेकून ८८ ठोके दाखवत होता, तेव्हा घरातल्या आजींनी गंभीरपणे विचारले, “बापू, याच्या मतानं भिताडालेबी जीव हाये का?” त्या प्रश्नाने आमचा सफाईचा नियम बदलला आणि नुसत्या ठोक्यांच्या आकड्यावरून पट्टा हातावर असल्याचे मानणे आम्ही बंद केले.

तिसरी गोष्ट, हात कोणाचा. रात्री नातू पट्टा मागतो आणि आजोबा देतात. सहा वर्षांच्या मुलाची नाडी मोठ्या माणसापेक्षा जलद असते, त्यामुळे त्या रात्री आजोबांची नाडी एकदम २५ ठोक्यांनी वाढलेली दिसते. घरोघरी फिरताना आशाताईंनी ‘काल पट्टा तुमच्याच हातावर होता ना’ हा प्रश्न न चुकता विचारावा आणि वहीत होय किंवा नाही लिहावे. ही एक रकाना भरलेली वही कोणत्याही महागड्या संगणक प्रणालीपेक्षा जास्त चुका पकडते.

हवामानाची नोंदही या फाईलला जोडावी. हवामान खात्याचे केंद्र पन्नास किलोमीटरवर असू शकते, म्हणून गावातच सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक तापमापी टांगून दुपारी तीन आणि पहाटे पाचची नोंद घ्यावी. पहाटेच्या आकड्याला कमी लेखू नये. रात्र तापलेली राहिली तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी

सर्व गावाची सरासरी काढून त्यापेक्षा वर असलेल्यांना ‘धोक्यात’ ठरवणे ही या क्षेत्रातली सर्रास होणारी चूक आहे. सिकलसेल असलेल्या तरुणीची किंवा सात महिन्यांच्या गरोदर बाईची विसाव्यातली नाडी मुळातच जास्त असते आणि तीस वर्षे डोंगर चढलेल्या माणसाची कमी असते. गावाच्या सरासरीशी ताडले, तर पहिल्या दोघींच्या नावाने रोज इशारा येईल आणि तिसरा आजारी पडला तरी यादीत दिसणार नाही.

म्हणून प्रत्येकाची रात्रीची विसाव्यातली नाडी काढावी: रात्री एक ते चार या वेळेतले पाच-पाच मिनिटांचे मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावेत आणि त्यांतल्या सर्वांत कमी सलग अर्ध्या तासाची सरासरी, म्हणजे त्या रात्रीचा आकडा. असे निदान १४ रात्रींचे आकडे जमले की त्या माणसाची स्वतःची पातळी कळते. सरासरीऐवजी मध्यक वापरावा, कारण जागरणाची किंवा लग्नातल्या वरातीची एक रात्र सरासरीला ओढून नेते, मध्यकाला नाही.

हिशेब कागदावरही करता येतो. सोयीसाठी सातच रात्री घेऊ: ६२, ६४, ६३, ६६, ६१, ६५, ६३. चढत्या क्रमाने लावल्यास मधला आकडा ६३ येतो, हा मध्यक. आता प्रत्येक रात्र ६३ पासून किती दूर आहे ते पाहावे: १, १, ०, ३, २, २, ०. यांचाही मध्यक काढला तर १ येतो. त्याला १.४८ ने गुणले की नेहमीच्या चढउताराचे माप मिळते, म्हणजे सुमारे दीड ठोका. आठव्या रात्री नाडी ७१ आली, तर ती नेहमीपेक्षा ८ ने जास्त आहे आणि ८ भागिले १.५ म्हणजे पाचपटीहून अधिक विचलन झाले. येथे एक सावधगिरी हवी: काही माणसांच्या नोंदी इतक्या स्थिर असतात की हे माप अर्ध्या ठोक्यावर येते आणि क्षुल्लक बदलही भयंकर दिसतो. म्हणून माप दोन ठोक्यांपेक्षा कमी धरू नये. तसे धरले तरी वरच्या उदाहरणात विचलन चारपट राहतेच.

पातळी काळानुसार सरकत ठेवावी, पण तिच्यात अगदी ताज्या रात्री घेऊ नयेत. शेवटच्या तीन रात्री सोडून त्याआधीच्या १४ रात्रींचा मध्यक घ्यावा. नाहीतर हळूहळू वाढत जाणारा आजार पातळीतच मुरतो आणि कधीच वेगळा दिसत नाही. उन्हाच्या कामाला शरीर सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि त्या काळात नाडी उतरत जाते, म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवसांतली पातळी पक्की मानू नये. शक्य असेल तर पट्टे मार्चमध्येच बांधावेत.

या सगळ्या हिशेबाला साधी एक्सेलची फाईल पुरते. तीस-चाळीस माणसांपलीकडे गेले की आर किंवा पायथन या संगणकभाषांमध्ये तोच हिशेब लिहून घ्यावा, म्हणजे रोज पहाटे हाताने चुका होणार नाहीत.

इशारे किती द्यावेत

इशाऱ्याचा नियम ठरवण्यापूर्वी आशाताईंना विचारावे: पहाटे किती जणांशी नीट बोलता येईल? उत्तर चार असेल, तर नियम चारच नावे देईल असाच असला पाहिजे. संगणकाला पन्नास नावे देणे सहज जमते, पण पन्नास नावांची यादी तिसऱ्या दिवशी कोणी उघडून पाहत नाही.

याचा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. समजा, १,००० नोंदींत खरोखर त्रास होऊ घातलेली माणसे १० आहेत. आपला नियम त्यांतल्या ९० टक्क्यांना ओळखतो आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडून देतो. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात ९ खरे इशारे मिळतात आणि उरलेल्या ९९० पैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० खोटे. एकूण ५९ घरांपैकी ९ घरी जाणे सार्थकी लागते. सातातले सहा इशारे फुकट जातात. आजार विरळ असला की चांगल्या नियमाचीही अशी गत होते.

यावर उपाय एकाच खुणेवर न थांबण्याचा. नाडीचे विचलन तीनपटीहून जास्त असणे, सलग दोन रात्री तसे असणे आणि आदल्या दिवशीचे दुपारचे तापमान ४२ अंशांवर असणे, या तीन अटी एकत्र लावल्या की यादी आटोपशीर होते. तरीही नावे जास्त आली, तर विचलनाच्या उतरत्या क्रमाने वरची चार घ्यावीत. हे आकडे मी सुरुवातीसाठी सुचवतो आहे. आपल्या गावाच्या नोंदींवरून ते बदलावेत. तापमानाची अट लावल्याने हिवतापासारख्या इतर आजारांत वाढलेली नाडी थंड दिवसांत सुटून जाईल, म्हणून तशी नावे वेगळ्या, कमी घाईच्या यादीत ठेवून त्या आठवड्यात तपासावीत.

इशाऱ्यानंतर

पट्टा फक्त एवढेच सांगतो, की या माणसाचे शरीर नेहमीसारखे नाही. त्याला ताप आहे, जुलाब आहेत, रात्री झोप झाली नाही की दारू झाली, हे विचारूनच कळते. आशाताईंनी लघवीचा रंग आणि प्रमाण, डोकेदुखी, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, ताप आणि चालू औषधे एवढे विचारावे, तापमान आणि रक्तदाब मोजावा आणि शंका वाटली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलावे.

‘आज कामाला जाऊ नका’ हे सांगणे सोपे असते, पण त्याची किंमत त्या घराची दिवसाची मजुरी असते. म्हणून मधले पर्याय आधीच मुकादमाशी, कोणाचेही नाव वा नोंद न सांगता, सर्वांसाठी ठरवून घ्यावेत: पहाटे लवकर काम सुरू करून अकरापूर्वी थांबणे, सावलीतले काम वाटून घेणे, दर अर्ध्या तासाला पाणी. सगळ्यांना लागू असलेली सवलत घेताना आजारी माणसाला कमीपणा वाटत नाही आणि त्याची नोंदही उघड होत नाही.

एक गोष्ट मात्र पट्टा बांधणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या सोबत्यांना पाठ असली पाहिजे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर पट्ट्याकडे पाहण्यात एक क्षणही घालवू नये. घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

नियम तपासत राहणे

प्रत्येक इशाऱ्यापुढे वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: भेट झाली का, काय आढळले, काय केले. आणि जे आजारी पडले पण ज्यांच्या नावाने इशारा आला नव्हता, त्यांचीही वेगळी यादी आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून काढावी. ही दुसरी यादी बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही; तिच्यावाचून आपला नियम काय चुकवतो आहे ते कधीच कळत नाही. नियमात बदल करायचा तो महिन्यातून एकदा, दोन्ही याद्या समोर ठेवून करावा. रोज बदललेल्या नियमाचा पडताळा घेता येत नाही.

नोंदी कोणाच्या नाहीत, हेही बघावे. आमच्याकडे पट्टे रिकामे राहिलेल्यांत वीज नसलेली घरे, कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे आणि पट्टा बिघडला तर आपल्याकडून पैसे घेतील या भीतीने तो डब्यात जपून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या बायका होत्या. धोका त्यांनाच अधिक. म्हणून सलग तीन दिवस नोंद न येणे हाच एक इशारा मानून त्या घरी जावे आणि पट्टा तुटला तरी काही भरावे लागणार नाही, हे पहिल्या भेटीतच सांगावे.

दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्यावर मशीन लर्निंगचा, म्हणजे नोंदींवरून संगणकालाच नियम शिकवण्याचा, मोह होणे स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काही नाही. त्या वेळी विद्यार्थ्यांनी दोन गोष्टींची शपथ घ्यावी. एकाच माणसाच्या काही रात्री शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी अशी वाटणी करू नये. माणसेच वेगळी करावीत, नाहीतर प्रणाली आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकते आणि चाचणीत खोटे यश दिसते. आणि नुसती अचूकता सांगू नये. शंभरात एकच आजारी असेल तर ‘कोणीच आजारी नाही’ म्हणणारी प्रणालीही ९९ टक्के अचूक ठरते. किती आजारी सापडले आणि त्यासाठी किती घरी व्यर्थ जावे लागले, हे दोन आकडे द्यावेत, आणि वर दिलेल्या मध्यकाच्या साध्या नियमाहून ते सरस असतील तरच नवी प्रणाली वापरात आणावी.

पावसाळा लागला की पट्टे परत घ्यावेत, पुसून, चार्ज करून ठेवावेत. ज्यांनी नोंदी पुसून टाकायला सांगितले असेल त्यांच्या पुसाव्यात आणि पुसल्याचे त्यांना कळवावे. बाकी प्रत्येकाला एका पानावर त्याच्या रात्रींच्या नाडीचा आलेख, त्याची नेहमीची पातळी आणि कोणत्या तारखांना ती चढली होती, हे मराठीत मोठ्या अक्षरांत छापून द्यावे. गोंदणवाल्या मावशींनी ते पान रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे, आणि पुढे तालुक्याच्या रुग्णालयात गेल्या तेव्हा डॉक्टरांपुढे त्यांनी आधी तेच काढले.